उणे एकतीस

पहिल्या वर्षी कानाच्या चित्रांना नावं द्यायची होती.
हातोडी, ऐरण, रिकीब.
वडिलांना फोनवर सांगितलं तर ते हसले,
म्हणाले, तिथंही घोडा बांधलाय का कुणी?
मी डेसिबलचे तक्ते पाठ केले.
श्रवणयंत्राची डाळीएवढी बॅटरी
डोळे मिटून बदलायला शिकले.

दुसऱ्या वर्षी कापसाचे बोळे.
कानात घालून दिवसभर उलानबातर फिरायचं
आणि दोन पानं लिहायची.
मी चार लिहिली. ट्रॉलीबसचा दरवाजा,
बाजारात ओठ हलवणारी लोकरवाली,
'एकटेपण' सहा वेळा.
त्सेरेनदुलम बाई जन्मापासून बहिऱ्या.
त्यांनी समासात लिहिलं:
तू कापूस शिकलीस.
आणि खाली, जरा बारीक अक्षरात:
संध्याकाळी चहाला ये.

स्वयंपाकघरात सहा जणी, सगळ्यांचे हात चालू.
मिठाचा दुधाळ चहा निवत गेला,
कारण कप धरला की वाक्य तुटतं.
कुणीतरी दिवा दोनदा उघडमीट केला: इकडे बघा.
कानाचा डोळा केलेल्या बायका त्या,
पण एकीनंही कशाकडे कानाडोळा केला नाही,
माझ्या भिजलेल्या बुटांकडेसुद्धा.
मला एकशेवीस शब्द येत होते,
त्यातले निम्मे प्राण्यांचे.
खोलीत अडाणी मी एकटीच
आणि ती चार पानं
पिशवीत घडी घालून गप्प.

आता तिसरं वर्ष. सराव पाठ. दुसरीचा वर्ग, नऊ मुलं.
गालसन उव्सहून आलेला, दूरच्या कुरणांतून.
शाळेत येईपर्यंत त्याची भाषा बोलणारी माणसं दोन,
तो आणि आजोबा.
लांडग्यासाठी ते मान खाली घालून
नुसत्या खांद्यांनी चालत.
मी पुस्तकातली खूण दाखवली. तो शिकला, वापरतो,
वहीतल्या लांडग्यासाठी.
स्वप्नात आलेला सांगायचा असेल
तर अजून खांदेच.

शाळा सुटते तेव्हा उणे एकतीस.
टेकडीवरच्या तंबूंमधून कोळशाचा धूर
खाली उतरून बसथांब्यावर उभा राहतो.
मुलंही उभी, आणि सगळी मुकाट.
कारण हातमोजे.
या थंडीत बोलायचं तर बोटं उघडी टाकावी लागतात,
मग भांडण मोज्यातच मुरतं,
चहाडी उद्यावर जाते.
मी बघत होते, कोण कशासाठी हात बाहेर काढतं.
ओदगेरेलनं काढला: विमान!
पुन्हा आत.

मग गालसन माझ्यापुढे आला.
दातांनी उजवा मोजा ओढला, तोंडातच लोंबू दिला,
आणि माझ्या हातावरचाही काढला.
माझी बोटं दुमडून 'बसा' केलं,
अंगठा आत दाबला.
सोडून दिलं. करून दाखव.
मी केलं. त्यानं मान हलवली, नाही,
आत. अजून आत.

म्हणजे आठवडाभर मी 'बसा' म्हणतच नव्हते
(काय म्हणत होते ते त्यानं सांगितलं नाही,
ओदगेरेल मात्र पाठ फिरवून गदगदत होती)
आणि नऊ मुलं रोज
समजूतदारपणे खाली बसत होती.

आभार मानायला हात उचलला
तर त्यानं तो धरून माझ्या मोज्यात कोंबला,
बोकडाला गोठ्यात ढकलावं तसा.
बस आली.

आज पाठाच्या टाचणवहीत
'विद्यार्थ्यांची प्रगती' या रकान्यापुढे
मी काहीच लिहिलेलं नाही.
घरी पोचेपर्यंत बोटं बधिर झाली होती.
अंगठा तेवढा आत,
उबेला.